गोबनेटच्या घरातली ॲबिगेल

माझ्या बहिणीच्या घरात इंग्रजी आलं ते बटाटे काढून झाल्यावर, समुद्रावरचं वारं फिरलं त्या दिवसांत. पाहुण्यासारखं दार वाजवून नाही आलं. माझ्या मेव्हण्याने, ताइगने, त्याला हाताला धरून आणलं आणि चुलीपाशी बसवलं. पुढे त्या घरात जे झालं ते मी सांगते, कारण मी भिंतीपलीकडे राहते. भिंतही अशी, की तिकडे कोणी शिंकलं तर मी इकडे देवाचं नाव घेते.

कारण साधं होतं. ताइगची बहीण बोस्टनला असते. तिने भाचीसाठी, म्हणजे ताइग आणि माझ्या बहिणीच्या पोरीसाठी, नोरीनसाठी, जहाजाचं तिकीट पाठवलं आणि सोबत निरोप दिला. एका बड्या घरात दार उघडायला आणि टेबलावर वाढायला मुलगी हवी आहे. काम हलकं, निजायला स्वतःची खोली, पण मुलीला इंग्रजी पाहिजे. नुसतं हो-नाही पुरायचं नाही, चमच्यापासून पडद्यापर्यंत घरातल्या प्रत्येक वस्तूचं नाव तोंडावर पाहिजे. तेवढं नसलं तर तळघरात, धुण्याच्या हौदापाशी. त्या हौदांच्या वाफेत आमच्या बेटावरच्या पोरी खोकून खोकून गेल्या आहेत, त्यांची नावं अजून चर्चमध्ये घेतात. बोट वसंतात सुटणार होती. म्हणजे हातात एक हिवाळा.

ताइग वाईट माणूस नव्हे. हे मी आधीच सांगते, कारण पुढे मी त्याला बरंच बोलणार आहे. दुष्काळाच्या साली तो लहान होता. पलीकडच्या किनाऱ्यावर मक्याचं पीठ वाटत होते, तिथे आईचा पदर धरून रांगेत उभा होता. पीठ वाटणाऱ्या साहेबाने इंग्रजीत काहीतरी विचारलं. आईने आपल्या भाषेत उत्तर दिलं. साहेबाने तिला हाताने बाजूला सारलं आणि मागच्याला पुढे बोलावलं.

"माझी आई भुकेने नाही मेली, सोर्खा," तो मला एकदा म्हणाला होता. "शब्द नव्हते म्हणून मेली."

आता यावर माणूस काय वाद घालणार? मी नाही घातला.

नोरीनला शाळेतलं इंग्रजी होतं, प्रार्थना आणि दोन-चार कविता, पोपटासारख्या. तेवढ्यावर बोस्टनचं दार उघडत नाही. म्हणून ताइग शाळेच्या क्रोहन मास्तरांकडे गेला. मास्तरांनी त्याला एक काठी दिली, आणि घरातल्या सगळ्यांची नवी नावं.

काठी आम्हा सगळ्यांच्या ओळखीची. वीतभर लांब, दोरीने गळ्यात घालायची. पोर आपल्या भाषेत एक शब्द बोललं की काठीवर एक खाच. शाळेत संध्याकाळी खाचा मोजून छड्या मिळायच्या. ताइगने पोरीला आयुष्यात बोट लावलं नव्हतं, त्यामुळे त्याने घरचा नियम वेगळा केला. जितक्या खाचा तितके नवे इंग्रजी शब्द, आणि ते पाठ झाल्याशिवाय बटाटा नाही. सोळा वर्षांची घोडी गळ्यात बाळांची काठी घालून फिरायची. मला हसू यायचं आणि तिच्याकडे बघवायचंही नाही.

नावांचं असं, की आमच्या प्रत्येक नावाला सरकारदरबारी एक इंग्रजी नाव असतं. कोणी ठरवलं देव जाणे. ताइगचा टिमोथी होतो. नोरीनची नोरा. माझी सारा. आणि माझी बहीण गोबनेट, तिची होते ॲबिगेल. दोन्ही नावांचा एकमेकांशी काही संबंध असेल तर शपथ.

नियम असा होता की उंबरठ्याच्या आत आपली भाषा बंद. गोबनेटला तर इंग्रजीचा गंधही नव्हता. मी ताइगला अंगणात गाठलं.

"मग माझ्या बहिणीने करायचं काय?"

"शिकेल ती."

"तिला स्वतःच्या कोंबड्यांची नावं आठवत नाहीत."

"मग गप्प बसेल. एका हिवाळ्याचा तर प्रश्न आहे. तू मध्ये पडू नको, सारा."

"सारा तुझी शेळी असेल," मी म्हटलं आणि आत येऊन दार आपटलं.

गोबनेटने मात्र एका शब्दाने विरोध केला नाही. पोरीने वाढप करावं, स्वतःच्या खोलीत निजावं, तिला खोकला लागू नये, एवढंच तिला हवं होतं. ती गप्प बसली. आणि माझी बहीण काही मुळात गप्प बसणारी नव्हती. लहानपणी झोपेतसुद्धा बडबडायची.

मग रोज संध्याकाळी भिंतीपलीकडून शब्द ऐकू यायला लागले. ताइग चिमट्याने वस्तू दाखवायचा, नोरीन नाव सांगायची. केटल. स्टूल. लॅडर. बकेट. त्या घरात वस्तू किती असणार? आठवड्याभरात संपल्या. मग मास्तरांनी न पाहिलेल्या वस्तूंचे शब्द पाठवायला सुरुवात केली. गालिचा. जिन्याचा कठडा. काचेचं कपाट. लांब जेवणाचं टेबल, त्यावरचे चार जातींचे चमचे, दिवाणखान्यातली झुंबरं. ताइग डोळे मिटून नाव घ्यायचा आणि पोरगी ते काय असतं, कुठे असतं, कशाने पुसतात हे सगळं इंग्रजीत सांगायची. चांगली हुशार होती. अवघ्या थंडीत तिने इतके शब्द गोळा केले की मास्तर म्हणाले, आता माझ्याकडचे संपत आले.

पहिली गोष्ट माझ्या लक्षात आली ती अशी. मी विस्तव मागायला गेले होते. नोरीन चुलीपासून दारापर्यंत आली, पण सरळ नाही आली. घराच्या मधोमध मोकळी जमीन आहे, तुडवून तुडवून गुळगुळीत झालेली. तिथे ती वळसा घालून आली. कसल्यातरी लांब वस्तूच्या कडेकडेने, बोटं हवेत टेकवत.

"काय गं, पाय दुखतोय का?" मी विचारलं.

ती हसली आणि इंग्रजीत काहीतरी म्हणाली. मी विस्तवाचं मडकं घेऊन सरळ दाराकडे निघाले, आणि त्या मोकळ्या जमिनीवर माझी नडगी कशावर तरी आदळली. मडकं हातातून सुटता सुटता राहिलं. खाली पाहिलं तर काही नाही. दुसऱ्या दिवशी नडगी काळीनिळी झाली होती. मी स्वतःला सांगितलं, म्हातारी झालीस, सोर्खा, हवेला अडखळतेस.

पोरगी आईला हाक मारीनाशी झाली होती, हे मला त्यानंतर कळलं. 'आई' म्हटलं की खाच पडायची. आणि इंग्रजी शब्द वापरावा तर तो तिच्या तोंडून निघेना. एकदा विहिरीवर मी तिला पकडलं. तिथे उंबरठा नव्हता, म्हणून ती आपल्या भाषेत बोलली, पण शब्द शोधत शोधत, अंधारात चप्पल शोधावी तशी.

"मावशी, तो शब्द आईला लागूच होत नाही गं. दुसऱ्या बाईचा कोट तिच्या अंगावर घातल्यासारखा वाटतो."

"मग घाल कोट. थंडी आहे."

"नाही जमत," ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

हे मी गोबनेटला सांगितलं. आम्ही किनाऱ्यावर शेतासाठी समुद्रशेवाळ गोळा करत होतो, गुडघाभर पाण्यात. तिने हातातलं शेवाळ पिळून पाटीत टाकलं. मग म्हणाली, "मला काही नको, सोर्खा. जाणारं माणूस परत येत नाही हे मला माहीत आहे. फक्त जायच्या आधी तिने माझ्याकडे बघून एकदा हाक मारावी. कुठल्या का भाषेत मारेना. एकदा मारली की मी पुढचं सगळं रेटीन."

तेवढंच होतं तिचं मागणं. त्या हिवाळ्यात मी देवाकडे दुसरं काही मागितलं नाही.

मग ती हळूच म्हणाली, "आमच्या घरात कोणी बाई आलीय."

"कसली बाई?"

"ताइग तिला ॲबिगेल म्हणतो."

मी कपाळावर हात मारून घेतला. "अगं वेडे, ॲबिगेल म्हणजे तू. मास्तरांनी दिलेलं नाव आहे ते."

"मलाही तेच वाटलं होतं. पहिले काही दिवस तो हाक मारायचा तेव्हा मी मागे वळून बघायची आणि ती दोघं हसायची. आता हसत नाहीत. आता तो हाक मारतो तेव्हा माझ्याकडे बघतच नाही, माझ्या शेजारी बघतो. आणि सोर्खा," तिने शेवाळाची पाटी खडकावर ठेवली, "मी उठायच्या आत पाणी आणलेलं असतं."

मी तिला रागावले. माणसाला राग कधी येतो, तर भीती वाटते तेव्हा.

"तुला दिसते ती?"

"दिसत नाही. पण चुलीजवळ बसलं की एका अंगाला विस्तवाची ऊब लागते आणि दुसऱ्या अंगाला माणसाची."

त्या दिवशी पाटी डोक्यावर घेऊन मी तिच्या पुढे निघाले. ती मागे खडकांवर शेवाळ पसरत राहिली. त्यांच्या घरावरून जाताना नोरीनचा आवाज ऐकू आला. इंग्रजी बोलत होती, पण धडा म्हणत नव्हती. गप्पा मारत होती. मध्येच थांबायची, ऐकायची, मग खुदकन हसायची. किती दिवसांनी ते हसू ऐकलं मी! वाटलं, ताइग लवकर आला असेल. दारातून डोकावले तर ताइग नव्हता. पोरगी स्टुलावर बसून बटाटे खात होती. समोर दुसरं स्टूल. त्या स्टुलाकडे मान करून ती लाडात येऊन काहीतरी म्हणाली आणि शेवटी एक शब्द म्हणाली, "मदर." मला तेव्हा त्याचा अर्थ माहीत नव्हता. पण ज्या सुरात म्हणाली तो सूर माहीत होता. त्या सुरात ती लहानपणी गोबनेटकडे ताक मागायची.

"नोरीन," मी हाक मारली.

तिने वळून पाहिलं. ओळखीचं, आदबशीर हसली. दारात आलेल्या परक्या बाईकडे बघून हसावं तसं. आणि उठून बाहेर गेली.

मी पुढे होऊन त्या दुसऱ्या स्टुलावर हात ठेवला. गरम होतं. त्याच्यासमोर जमिनीवर ताटली होती, ताटलीत बटाट्याच्या साली. आमच्या बेटावर बटाटा अंगठ्याच्या नखाने सोलतात, सालींचे तुकडे तुकडे पडतात. पोराबाळांपासून पाद्रीबाबांपर्यंत सगळे तसेच सोलतात. या ताटलीतली साल एका लांब पातळ पट्टीत होती, सुरीने काढलेली, नीट गुंडाळी करून ताटलीच्या कडेला ठेवलेली.

मी तडक ताइगकडे गेले. तो होडीला डांबर फासत होता. मी सगळं सांगितलं. तो हसेल, मला वेड्यात काढेल अशी माझी अपेक्षा होती. त्याने ब्रश डांबरात बुडवला आणि तसाच धरून ठेवला.

"साली मी पण पाहिल्या," तो म्हणाला.

"आणि तरी गप्प राहिलास? तू तर नाव घेऊन घेऊन बोलावलंस तिला! दिवसातून शंभरदा!"

"मी माझ्या बायकोला हाक मारत होतो, सोर्खा."

"तुझी बायको गोबनेट आहे. आजच काठी फेकून दे. आपल्या भाषेत बोलायला लाग."

ब्रशावरून थेंब गळत होते. "बोट सुटायला थोडेच दिवस राहिलेत," तो शेवटी म्हणाला. "आता थांबलो तर अर्धवट राहील. अर्धवट इंग्रजीची पोरगी कुठे जाते ते तुला माहीत आहे." एवढं बोलून तो परत होडी फासायला लागला. आणि काठी पोरीच्या गळ्यातच राहिली.

मग मीच उपाय केले. डोंगराच्या पोटात राहणारे न दिसणारे लोक माणूस पळवतात आणि त्याच्या जागी दुसरं काही ठेवतात, हे आम्ही आजीपासून ऐकत आलोय, आणि त्यावरचे इलाजही. मी लोखंडी चिमटा दारात आडवा ठेवला. चारी कोपऱ्यांत तीर्थ शिंपडलं. उंबरठ्यावर मीठ टाकलं. सकाळी चिमटा चुलीपाशी जाग्यावर लावलेला, मीठ झाडून पुंजा करून ठेवलेलं, आणि जमीन अशी लख्ख झाडलेली की गोबनेटने जन्मात झाडली नसेल. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ही आमच्या डोंगरातली नव्हेच. आमच्या चिमट्याला ती कशाला घाबरेल? तिला तो काय आहे हेसुद्धा माहीत नाही, तिच्या मते घरात पसारा पडला होता.

गोबनेट दिवसेंदिवस बारीक होत गेली. आजारी होती असं नाही. ती दारातून आत आली की नोरीन वर बघायची नाही. ती चुलीसमोरून गेली तर पोरगी मान कलती करून विस्तव बघत राहायची, कोणी मध्ये आल्यासारखी नव्हे, धूर आल्यासारखी. एकदा दोघींची दारात टक्कर झाली. नोरीन दचकून चहूकडे बघायला लागली. तिच्या चेहऱ्यावरची भीती खरी होती. आपल्याला काय लागलं हे तिला कळलं नव्हतं. गोबनेट तिच्यासमोर हातभर अंतरावर उभी होती.

त्या दिवशी माझी बहीण माझ्या घरी येऊन रडली. मोठ्याने, तोंडात पदर न कोंबता. माझ्या घरात आपली भाषा चालत होती.

"जाऊन कोंबडीसारखी मान पिरगाळते त्या बयेची," मी म्हणाले.

"कोणाची? हवेची?" ती रडता रडता हसली. मग डोळे पुसून म्हणाली, "ती वाईट नाही, सोर्खा. काल नोरीनला कणकण होती. मी शाल घालायला उठले तर तिच्या अंगावर आधीच घातलेली होती."

मला त्या क्षणी तिचा इतका राग आला की काय सांगू. शाल घालणाऱ्या बाईचं तिने कौतुक करावं!

पुढच्या आठवड्यात मी भिंतीपलीकडून गोबनेटचा आवाज ऐकला. ताइग आणि नोरीन मास्तरांकडे गेले होते, घरात ती एकटी. आणि ती बोलत होती. मी बाहेरून खिडकीशी गेले. माझी बहीण एका स्टुलावर, समोर रिकामं स्टूल. आपल्या भाषेत, सावकाश, बहिऱ्या माणसाला सांगावं तसं एकेक वाक्य सांगत होती.

"पूर्वेचं वारं सुटलं की तिला खोकला होतो. छातीला लोकर बांधायची, गळ्याला नाही. गळ्याला बांधली की ती काढून टाकते. माशाचं कातडं खात नाही, लहानपणापासून. दोन हाका मारल्याशिवाय उठत नाही, पण तिसरी मारली तर चिडते. रडायला आलं की बाहेर जाऊन उभी राहते. तेव्हा मागोमाग जायचं नाही. दार फक्त उघडं ठेवायचं."

ती थांबली. स्टुलाकडे बघत राहिली.

"तुला कळतंय का गं मी काय म्हणते ते?" तिने विचारलं.

उत्तर मी ऐकलं नाही. पण चुलीवर टांगलेली केटल कोणीतरी आकडा फिरवून आचेवरून बाजूला घेतली. लोखंड कुरकुरलं. गोबनेटचे दोन्ही हात मांडीवर होते. मी घरी पळाले आणि दाराला कडी घातली.

अमेरिकेला जाणाऱ्या माणसासाठी आमच्याकडे आदल्या संध्याकाळी मयताला बसतात तसं बसतात. तंबाखू वाटतात, चहा होतो, म्हाताऱ्या शोक गातात, कारण जाणारं माणूस जिवंत असलं तरी आपल्या हिशेबी गेलेलंच असतं. नोरीनसाठी सगळं बेट बसलं. ती मधोमध खुर्चीवर, नव्या टोपीत, प्रत्येकाला इंग्रजीत धन्यवाद म्हणत होती. आमचं बोलणं तिला आता समजत नव्हतं. लोकांना वाटलं पोरगी शिष्टपणा करतेय. "बोस्टनची मडम आताच झाली वाटतं," असं कोणीतरी म्हणालं, आणि हशा झाला. शोक गाण्याची पाळी आईची होती. गोबनेट उभी राहून गायली. असा आवाज तिचा मी कधी ऐकला नव्हता. बायका ढसाढसा रडल्या. नोरीन टाळ्या वाजवाव्यात का नाही अशा विचारात असल्यासारखी इकडेतिकडे बघत होती.

सकाळी सगळे धक्क्यावर गेलो. ऊन होतं, समुद्र शांत. होडीत वल्ही मारायला तिघे जण, पलीकडच्या बंदरापर्यंत. ताइग ट्रंक घेऊन उतरला. नोरीन एकेकाशी हस्तांदोलन करत आली. माझ्याशी केलं. तिचा हात गार होता. माझ्या पुढे गोबनेट उभी होती, अंगावर तिची चांगली तपकिरी शाल, मान ताठ. हाक मारायची वेळ आता होती. याच्यापुढे वेळच नव्हती.

नोरीन तिच्यासमोर आली, आणि पुढे गेली. एक पाऊल पुढे, जिथे कोणी नव्हतं. तिथे तिने दोन्ही हात पसरले आणि मिठी मारली. हात हवेत एकमेकांना भेटले नाहीत. मध्ये एका बाईएवढी जागा राहिली. पोरीने त्या जागेच्या खांद्यावर डोकं ठेवलं, टोपी तिरकी झाली, आणि ती हमसाहमशी रडली.

"मदर," ती म्हणाली. "मदर, मदर."

ताइगच्या हातातली ट्रंक धाडकन पडली. "नोरीन!" तो आपल्या भाषेत ओरडला, सगळ्या गावासमोर. "ती नव्हे गं! ही! ही तुझी आई! इकडे बघ, बाळा, आई म्हण!"

पोरीने डोकं वर केलं. बापाकडे पाहिलं. परक्या गावात कोणी रस्ता विचारला आणि आपल्याला त्याची भाषा येत नसली, तर माणूस जसा ओशाळून हसतो, तशी ती हसली. मान हलवली. तिने त्याला इंग्रजीत नम्रपणे काहीतरी सांगितलं. ताइग मटकन खडकावर बसला. ती काय म्हणाली ते त्याने पुढे कधी कोणाला सांगितलं नाही.

"ओरडू नकोस तिला," गोबनेट म्हणाली. "भिईल ती."

ती होडीपाशी गेली. नोरीन आत बसली होती. तिच्या शेजारची फळी रिकामी होती. गोबनेटने अंगावरची शाल काढली, वाकली, आणि त्या रिकाम्या जागेवर अलगद पांघरली. बाळाला पांघरतात तशी, दोन्ही बाजूंनी खोचून. शाल खाली पडली नाही. खांद्यांचा आकार धरून तशीच उभी राहिली. वल्ही मारणाऱ्यांपैकी एकाने छातीवर क्रॉसची खूण केली. होडी सुटली तेव्हा दुसरा ओरडून म्हणाला, होडी जड झालीय, पाणी कडेला लागतंय, ट्रंकेत दगड भरलेत की काय! शाल आणि टोपी शेजारी शेजारी लहान होत गेल्या. एकदा शाल टोपीकडे झुकली.

लोक पांगले. ताइगला दोघांनी धरून नेलं. मी आणि गोबनेट चढण चढून वर आलो. ती नुसत्या ब्लाउजमध्ये कुडकुडत होती, मी माझी शाल दोघींवर घेतली. माझ्या मनात एवढी आग होती की मला गप्प राहवेना.

"मेली एकदासुद्धा बोलली नाही तुझ्याशी. एवढी नऊ महिने पोटात वागवली, आणि त्या हवेच्या गळ्यात पडली! आणि तू तिला शाल देतेस! वेडी आहेस का?"

"एकटी नाही गेली ना," गोबनेट म्हणाली. "आई आहे तिच्याबरोबर. तिच्याशी बोलता येईल अशी."

"आणि तुझी हाक? एक हाक मागितली होतीस. तेवढीही नाही मिळाली."

ती थांबली. खाली समुद्राकडे पाहिलं. होडी आता दिसत नव्हती.

"मारली की हाक. ऐकली नाहीस का तू? मदर म्हणाली ना?" ती म्हणाली. "तेवढा एक इंग्रजी शब्द मला येतो, सोर्खा. थंडीतच मास्तरांच्या घरी जाऊन घोकून आले होते. म्हटलं, तिने मारली, तर आपल्याला ओ देता यायला हवी."